कासव पाण्यात ठेवण्याची सूचना

तुमच्या हातात आजवर किती पत्रकं पडली असतील, आणि त्यांतलं एखादं वाचून तुम्ही घरी जाऊन काही बदललंत का? लाजू नका, खरं सांगा. उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी पत्रकं लिहिणाऱ्या आणि वाटणाऱ्या घरात वाढले. हुंड्याविरुद्धचं आमचं पत्रक दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भज्यांखाली पाहिलंय. दारूबंदीच्या पत्रकात बांधलेले फुटाणे तर आमच्याच घरी आले होते. लोक पत्रक घेतात, मान हलवतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि पुढे जे करत होते तेच करतात. या गोष्टीचा मला इतकी वर्षं संताप यायचा.

मग एक पत्रक असं निघालं, की एका घरानं ते अक्षरन् अक्षर पाळलं. ते मी लिहिलं होतं. ते कासवाबद्दल होतं. आणि ते चुकीचं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अकरावीत होते. बाबा गडचांदूरला सिमेंटच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून होते. आम्ही कॉलनीत राहत नव्हतो. कोरपन्याच्या रस्त्याला लागून भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यात दोन खोल्या आमच्या. सगळ्यावर पांढरी धूळ. वाळत घातलेलं लुगडं झटकलं की आई शिंकायची आणि कारखान्याच्या नावानं बोटं मोडायची.

घरात फर्निचर कमी, कागद जास्त. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी बाबांना शिकवलं. बाबांनी शिकून काय केलं, तर पत्रकं काढली. युनियनच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, ऑफिसातला उरलेला कागद होता, आणि रविवारची सुटी होती. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून शाईचा रूळ फिरवत आले. गोष्टींची पुस्तकं आम्हाला नव्हती. आम्ही दोघी बहिणी 'नवस का करू नये' आणि 'बुवा ओळखावा कसा' वाचत मोठ्या झालो. कोणी काही म्हटलं की 'काऊन?' विचारायचं, हे आमच्या घरचं वळण. आणि समोरच्याला उत्तर आलं नाही की ती अंधश्रद्धा. किती सोपं होतं सगळं.

एका संध्याकाळी कारखान्याच्या खदानीतला एक तेलुगू मजूर गोणपाटाची पिशवी घेऊन दारात आला. बाबांनी त्याला बदलीचा की कशाचा तरी अर्ज लिहून दिला होता, त्याची ही भेट. तो सीमेपलीकडचा, आदिलाबादकडचा. गावाहून येताना त्यानं दोन कासवं आणली होती. एक त्यानं आपल्या झोपडीत ठेवलं, दुसरं आमच्यासाठी. बाबा कुणाकडून काही घेत नसत, पण माझी आठ वर्षांची बहीण तोवर पिशवीत हात घालून बसली होती. तिनं ते बाहेर काढलं. तळहाताहून थोडं मोठं, काळसर, आणि पाठीवर प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेघा फुटलेल्या, चांदणी काढावी तशा. ती दोन्ही हातांनी ते धरून उभी राहिली आणि तिनं आमच्याकडे असं पाहिलं, की नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

तो मजूर जाताना म्हणाला, "मेट्ट ताबेलु, सायब. मेट्ट ताबेलु."

ताबेलु म्हणजे कासव, एवढं बाबांना माहीत होतं. मेट्ट म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं कशाला? ऐकायला आलं ते मराठीच होतं. बाबा हसून आईला म्हणाले, "मठ्ठ कासव म्हणते. आपल्या कासवाले मठ्ठ म्हणते तो." त्या दिवसापासून त्याचं नाव मठ्ठ. बहिणीला ते नाव आवडलं नाही, तिला वाटायचं कासवाला वाईट वाटेल. पण सगळ्यांनाच ते बरोबर बसलं असं वाटलं. हाक मारली तरी येत नाही, ढकललं की पाय आत घेतं, भिंतीला डोकं लावून तासभर उभं राहतं. मठ्ठच.

ठेवायचं कुठे, हा प्रश्नसुद्धा आमच्या घरात पाच मिनिटं टिकला नाही. कासव म्हणजे पाण्यातलं. मी माझं जुनं शास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात चित्र होतं समुद्रातल्या कासवाचं, वल्ह्यासारखे पाय असलेलं. मी चित्र पाहिलं आणि पुस्तक मिटलं. चित्राखालच्या चार ओळी वाचल्या असत्या तर, असं आता म्हणून काय उपयोग. कपडे भिजवायचा पत्र्याचा टब होता, त्यात वीतभर पाणी घातलं, मधे एक वीट ठेवली, आणि मठ्ठाला सोडलं. त्यानं विटेवर चढायचा प्रयत्न केला, घसरलं, पुन्हा केला. आम्ही म्हणालो, पोहून राह्यलं.

शेजारच्या खोलीत एक बाई राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा खदानीत ट्रकवर. माहेर वर्धा नदीकाठचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. इथेही टोपलीभर मासोळ्या घेऊन दारोदार फिरायच्या. ओळीतल्या सगळ्यांसाठी त्या नुसत्या 'बाई'. माझ्या आईची आणि त्यांची मैत्री होती, माझं आणि त्यांचं मात्र युद्ध. त्यांच्या अंगात दर अमावस्येला काहीतरी यायचं आणि मी दर अमावस्येला त्यांना सांगायची की काही येत नाही. त्या म्हणायच्या, "तुले येत नाई म्हून मले येत नाई का वं?"

तर या बाईंनी दुसऱ्याच दिवशी कुडावरून मान काढली, टबात पाहिलं आणि विचारलं, "पोरी, याले पाण्यात काऊन ठेवून राह्यले तुमी?"

मी म्हटलं, कासव आहे म्हणून.

त्या आत आल्या. ओल्या हातानंच त्यांनी मठ्ठाला उचललं, उलटं केलं, पाहिलं, परत सुलटं केलं. मग म्हणाल्या, हे देवाचा अवतार आहे, याला पाण्यात डुबवून ठेवलं की घरातली लक्ष्मी पाण्यासंगं वाहून जाते. याला कोरड्यात ठेवा, उन्हात ठेवा, आणि शुक्रवारी हळदकुंकू वाहा. हे बोलता बोलता त्यांनी आणखीही एक वाक्य म्हटलं होतं. ते मी ऐकलं होतं. ते मला आज शब्दाशब्दासह आठवतं, म्हणूनच मी ऐकलं होतं हे मला माहीत आहे.

त्या म्हणाल्या, "पाण्याच्या कासवाच्या बोटाईत पडदा रायते. याचे पाय पाह्य ना, मुसळावानी हायेत."

पण त्याआधी अवतार येऊन गेला होता. लक्ष्मी येऊन गेली होती. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, त्या घरात अवतार हा शब्द उच्चारल्यावर पुढचं वाक्य कोण ऐकतं? माझ्या डोक्यात एक कप्पा होता, अंधश्रद्धेचा, आणि मी बाईंचं सगळं बोलणं, पडदा, मुसळ, अवतार, हळद, एका गाठोड्यात बांधून त्या कप्प्यात टाकून दिलं.

त्या शुक्रवारी कॉलेजातून आले तर मठ्ठ टबाबाहेर, ओट्यावर उन्हात, पाठीवर कुंकवाचं बोट. बहीण शेजारी बसलेली. बाईंनी तिला हाताशी धरलं होतं. मी कुंकू पुसलं, कासव उचलून टबात टाकलं आणि बहिणीला ओरडले. तिनं एवढंच सांगितलं, की उन्हात ते चालत होतं, ताई, खूप चालत होतं. मी म्हटलं, चालत नव्हतं, पाणी शोधत होतं.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ओळीतल्या आणखी दोघी बायका फुलं घेऊन आल्या. आमच्या ओट्यावर. बुद्धाच्या तसबिरीच्या समोर, दारातच, कासवाची पूजा. आईला यात फारसं काही वाटत नव्हतं, ती म्हणाली फुलं खाते ते, खाऊ दे. खरंच खात होतं. आम्ही त्याला सुकट घालत होतो, उकडलेल्या अंड्याचा चुरा घालत होतो, त्याला ते तोंड लावत नव्हतं, आणि बायकांनी वाहिलेलं जास्वंदाचं फूल मात्र ते देठापर्यंत खायचं. मी याचाही अर्थ काढला. भूक लागलेल्या मुक्या जिवाला लोक फुलं खायला लावतात.

त्या रविवारी मी पत्रक लिहिलं. बाबांनी एकही शब्द बदलला नाही, याचा मला फार अभिमान वाटला होता. मथळा होता 'कासव हा देव नाही'. खाली लिहिलं होतं: कासव हा जलचर प्राणी आहे. त्याला सतत पाण्यात ठेवावे. त्याला कोरड्यावर ठेवून हळदकुंकू वाहणे हा मुक्या प्राण्याचा छळ आहे. सुज्ञ नागरिकांनी हे ताबडतोब थांबवावे.

बाबांनी फक्त स्टेन्सिल कापलं. त्यांचा हात ऑफिसचा. वर ठळक अक्षरांत 'सूचना' असं आपोआप पडलं, उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांकाची रिकामी रेघ पडली, आणि शेवटी 'सर्व संबंधितांच्या माहितीसाठी'. आमची सगळीच पत्रकं थोडीबहुत अशी दिसायची. आम्हाला त्याची इतकी सवय होती की ते दिसायचंच नाही.

मी ती ओळीत वाटली, बाजारात वाटली, बाईंच्या हातात मुद्दाम दोन दिली. बाईंनी त्यांत मासोळी बांधून आईला परत आणून दिली. मग मी खदानीच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या होत्या तिकडे गेले, कारण दुसरं कासव तिथे आहे हे मला माहीत होतं. तो मजूर घरी नव्हता, धान कापायला पलीकडे गावी गेला होता. त्याची बायको होती. झोपडीसमोर, झुडपाच्या सावलीत, तिचं कासव पालापाचोळ्यात निवांत बसलेलं. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी चार शब्द. मी पत्रक वाचून दाखवलं. मग पिंपाकडे बोट दाखवलं. डांबराचं अर्धं कापलेलं पिंप होतं, त्यात अंघोळीचं पाणी. मी म्हटलं, पानी. पानी में रखने का.

ती नाही नाही करत म्हणाली, "मेट्ट. मेट्ट."

मी म्हटलं, मठ्ठ असू दे, पण पाण्यात ठेव.

ती पुन्हा म्हणाली, मेट्ट, आणि जमिनीवर हात आपटून दाखवला. मी पत्रक तिच्यापुढे धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ती कागदाकडे बघत राहिली. तिनं त्याच्या वरच्या बाजूचं मोठं अक्षर पाहिलं, कोपऱ्यातली रेघ पाहिली, आणि मग तिचा चेहराच बदलला. मान खाली घालून तिनं कागद दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, पटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर कोणाला तरी पत्रक पटलं. परत येताना मी रस्त्यानं जवळजवळ नाचत आले.

इकडे मठ्ठ मात्र दिवसेंदिवस बिघडत चाललं. आधी त्यानं विटेवर चढणं सोडलं. मग मान बाहेर काढून तोंड उघडं ठेवून राहू लागलं. एकदा बहीण माझ्या वहीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मठ्ठ नाकातून फुगे काढते."

मी म्हटलं, पाण्यातले प्राणी काढतात.

"त्याचे डोळे चिकटले. उघडतच नाई."

मी उठून पाहिलं. डोळे सुजलेले होते, पोटाकडच्या कवचाला पांढरट बुळबुळीत थर आला होता. मी पाणी बदललं. दुसरं काय करणार? बहिणीनं सरळ सांगितलं, बाई म्हणतात बाहेर काढ, तर काढू या. ती दिवसभर हेच म्हणत राहिली, आधी मला, मग आईला, मग संध्याकाळी बाबांना. ती एवढीशी मुलगी, तिला फक्त ते कासव जगायला हवं होतं. कोण बरोबर आणि कोण चूक, याच्याशी तिचं काही घेणं नव्हतं. आणि मला, खरं सांगते, कासव जगायला हवंच होतं, पण कुडापलीकडे बाई उभ्या आहेत, त्यांना काय दिसेल, याच्याशीही घेणं होतं. पत्रक बाजारभर गेलेलं. आता कासव टबातून काढायचं म्हणजे काय सांगायचं ओळीतल्या बायकांना? की लक्ष्मी वाहून जात होती म्हणून काढलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं त्याला गुपचूप काढून चुलीजवळच्या राखेत ठेवलं होतं. मला दिसलं आणि मी ते परत पाण्यात ठेवलं. हे मी लिहून ठेवतेय. राखेत त्यानं एक डोळा अर्धा उघडला होता, ते मी पाहिलं होतं, आणि तरी ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी तो मजूर गावाहून परतला आणि थेट बाबांकडे आला. शनिवार होता, बाबा अर्ध्या दिवसानं घरी आलेले. तो ओट्याखाली उभा राहिला, वर यायला तयार नव्हता. काखेत गोणपाटाची पिशवी, हातात आमचं पत्रक, चार घड्या घातलेलं. बाबांनी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, अर्ज लिहून द्या.

"कशाचा अर्ज?"

"सायब, नोटिस आला. ताबेलु पानी में रखना. मेरी औरत ने रखा. उसी दिन रखा. पर वो मर गया." मग पिशवी थोडी वर करून म्हणाला, "आप लिखके दो, हमने हुकूम माना. हमारी गलती नहीं. ऑफिस कुछ बोलेंगा तो दिखाएगा."

बाबांना आधी कळेचना. मला कळलं, कारण मला तिचा कागदाकडे बघणारा चेहरा आठवला. ती पटून गप्प बसली नव्हती. ती घाबरली होती. कारखान्यातून कागद येतो तेव्हा वर 'सूचना' असतं, हे तिला वाचता येत नसूनही माहीत होतं. त्या अक्षरांचा आकार तिनं गेटवर रोज पाहिला होता. त्या कागदावर काय असतं? अमुक करू नका, तमुक करा, नाहीतर काम जाईल. तिनं ते कासव अर्ध्या पिंपात टाकलं. त्या पिंपाला वीटसुद्धा नव्हती. ते दिवसभर कडेला नखं घासत राहिलं असेल. ती आत बसून ते ऐकत असेल, आणि तिला बाहेर काढायची भीती वाटत असेल.

दहा वर्षं आम्ही लोकांना भिऊ नका म्हणून सांगत आलो, आणि आमचं ऐकलं कोणी, तर भीतीनं.

बाबा खाली उतरले. त्यांनी त्याच्या हातातलं पत्रक घेतलं, उलगडलं, वर लिहिलेलं आपलंच अक्षर वाचलं. मग त्यांनी त्याला विचारलं, इतक्या दिवसांनी, जे पहिल्या संध्याकाळी विचारायला हवं होतं, "मेट्ट म्हणजे काय?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. आमच्या ओळीमागे चढावर झुडपी माळ आहे, दगडगोट्यांचा. त्यानं तिकडे हात केला. "मेट्ट. ऊपर की जमीन. सूखा. ये ताबेलु उधर का. पानी का अलग."

मी आत गेले आणि टबात हात घातला. मठ्ठाची मान लोंबत होती. मी त्याला उलटं धरलं तेव्हा तोंडातून पाणी आलं. आणि तेव्हा, पहिल्यांदा, मी त्याचे पाय पाहिले. जाड, गोल, खवल्यांचे, टोकाला बोथट नखं. बोटंच नाहीत, तर पडदा कुठून येणार? मुसळासारखे. दीड महिना ते माझ्या घरात होतं. 'तपासा, मगच विश्वास ठेवा' हे वाक्य मी किती पत्रकांत लिहिलं असेल, मोजदाद नाही. आणि मी साधं त्याला उलटं करून पाहिलं नव्हतं. ते बाईंनी पहिल्याच दिवशी केलं होतं.

बाईंना हाक आईनं मारली. मी मारू शकले नाही. बाई आल्या, त्यांनी कासव माझ्या हातातून घेतलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसलं, नाकपुड्या पिळल्यासारख्या करून साफ केल्या, आणि डोळ्यांना कोमट पाण्याचा बोळा लावला. मग कोरड्या वाळूचं घमेलं आणवलं आणि त्याला उन्हात, अर्धी सावली अर्धं ऊन, असं ठेवलं. दुपारच्या दुपारी त्या त्याच्याजवळ बसून राहिल्या, ऊन सरकेल तसं घमेलं सरकवत. मला एक टोमणा तरी मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. शुक्रवारी मात्र त्यांनी त्याच्या पाठीवर कुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते पुसलं नाही. ते कुंकू पाहून मला आजही तसाच संताप येतो, तो गेला नाही, जाणार नाही. कासव अवतार नाही, आणि बाईंच्या अंगात काही येत नाही. पण पायांबद्दल त्या बरोबर होत्या आणि मी चूक होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि याची मला भयंकर चीड येते.

बाराव्या की तेराव्या दिवशी त्यानं जास्वंदाची पाकळी ओढली. बहिणीनं सगळ्या ओळीला जाऊन सांगितलं.

मग माझं आणि बाबांचं भांडण झालं. मी म्हटलं, शुद्धिपत्रक काढू. बाबा म्हणाले, नको. त्यांचं म्हणणं असं, की आज कासवाचं चुकलं म्हणून छापलं, तर उद्या लोक म्हणतील यांचं हुंड्याचंही चुकलं असेल, दारूचंही चुकलं असेल. ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. दहा वर्षांचे रविवार होते त्यांचे त्यात. पण मी त्यांना म्हटलं, बाबा, बुवा आणि आपल्यात फरक एवढाच असू शकतो की आपण चुकलो तर सांगतो. तेवढाही ठेवायचा नसेल तर बुवाचं निदान कुंकू तरी रंगीत असतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टेन्सिल आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

आणि मी ते कापलं नाही. कारण मला आठवलं, तो कागद परत त्या झोपड्यांत जाणार. परत वर काहीतरी ठळक असणार. परत ती दोन्ही हातांनी घेणार. मी घरोघर पायी गेले. बाजारात, ओळीत, जिथे जिथे दिलं होतं तिथे. लोक हसले. एकानं विचारलं, "मंग आता देव हाये का नाई, ते सांग." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, ते बी पुढच्या महिन्यात बदलसान. हसणं वाईट नव्हतं. वाईट हे होतं, की बहुतेकांना पत्रक आठवतच नव्हतं.

शेवटी झोपड्यांकडे. मठ्ठाला परत द्यायचं, हे आईनं ठरवलं. त्यांचं आपण मारलं, आपलं त्यांना द्यायचं, एवढाच तिचा हिशेब, त्यावर चर्चा नाही. बहीण रडली नाही. तिनं ते स्वतः उचलून नेलं आणि सगळी वाट माझ्यापासून चार हात दूर चालली. पुढे कित्येक महिने ती मला ताई म्हणाली नाही.

मजुराच्या बायकोनं कासव घेतलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, माझी चूक झाली, तो कागद ऑफिसचा नव्हता, माझा होता. ती नवऱ्याकडे पाहून तेलुगूत काहीतरी म्हणाली. तो जरा संकोचला. मी म्हटलं, सांगा.

तो म्हणाला, "वो पूछती, इसको अब किधर रखना. कागज है क्या?"

मी म्हटलं, कागद नाही. तुम्हाला माहीत आहे, तिथे ठेवा. त्यानं ते तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं, आणि कासव हातातच धरून ठेवलं. आम्ही वळून चालू लागलो तोवर तिनं ते खाली ठेवलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी कासव असेल, नाहीतर शेजारी असेल, टबात, हौदात, विहिरीत, देव्हाऱ्यापुढे, कुठेही, तर आज उठून तिथे जा. त्याला सावकाश उचला, उलटं करा आणि पाय बघा. बोटांमध्ये पडदा असेल तर त्याला पाणी द्या, आणि वर येऊन बसायला कोरडी जागा द्या. पाय मुसळासारखे असतील तर त्याला पाण्यातून काढा, वाळूत ठेवा, उन्हात ठेवा, पाला आणि फुलं घाला. ज्यानं ते आणलं त्याला विचारा, की हे कुठे सापडलं, आणि तो त्याच्या भाषेत जो शब्द बोलेल त्याचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घ्या. आणि हे मी लिहिलंय म्हणून करू नका. आधी पाय बघा.